डॉक्टर सॉक्रेटिस आणि 'अल्पसा आजार'

गेल्या महिन्यात कोल्हापूरहून मामेभावाचा फोन आला. "दादा, पप्पांच्या नावानं यंदा बारक्या पोरांची फुटबॉल स्पर्धा घ्यायची ठरलीय. एक छोटी स्मरणिका पण काढतोय. दोन पानं तू लिही. तू लिहितोस की काहीबाही."

काहीबाही लिहिणाऱ्या माणसाला असं कुणी म्हटलं की तो लगेच हो म्हणतो. मीही म्हणालो. लिहायला बसलो आणि दुसऱ्याच परिच्छेदात गाडी अडली. मामा गेला तो कसा गेला, हे लिहायचं कसं?

२००३ मध्ये पेपरात द्यायची निधनवार्ता मीच लिहिली होती. "अल्पशा आजाराने निधन झाले" असं त्यात होतं. तो अल्पसा आजार सहा वर्षं चालला होता आणि बाटलीतून आला होता. घरात सगळ्यांना माहीत, गल्लीला माहीत, मयतीला आलेल्या प्रत्येकाला माहीत. तरी मी तसं लिहिलं आणि सगळ्यांनी ते बरोबर आहे म्हणून मान डोलावली.

तर ती दोन पानं लिहायची सोडून मी आठवडाभर दुसऱ्याच एका माणसाबद्दल वाचत बसलो. ब्राझीलच्या फुटबॉल संघाचा कॅप्टन, डॉक्टर सॉक्रेटिस. ४ डिसेंबर २०११ ला तो गेला, सत्तावन्नाव्या वर्षी. त्याचा आणि मामाचा संबंध म्हटला तर एवढाच की मामाच्या खोलीत शाहू महाराजांच्या फोटोशेजारी त्याचं पोस्टर होतं. 'स्पोर्टस्टार'मधून काढलेलं, मधल्या टाचणीची दोन भोकं असलेलं. दाढी, पिवळा टीशर्ट, आणि उंच माणसं उभी राहतात तसा थोडा कंटाळून उभा.

बाहेरच्या मंडळींना हे सांगायला हवं की कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय. बाकी महाराष्ट्र क्रिकेटच्या मागे असताना आमच्याकडे पेठापेठांतल्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर एकमेकांच्या उरावर बसत आले आहेत. वर्ल्ड कपच्या दिवसांत निम्मं गाव ब्राझील आणि निम्मं अर्जेंटिना असतं. मामा आमच्या तालमीच्या संघात मधल्या फळीत खेळायचा. दिवसा उद्यमनगरात लेथवर, संध्याकाळी मैदानात. उंच, काटकुळा, धावायला फारसा राजी नसलेला. त्यामुळे त्याला सॉक्रेटिस का आवडला असेल हे सांगायला नको.

सहा फूट चार इंचांच्या आसपास उंची आणि त्या मानानं लहान पाय. अशा देहाला पटकन वळणं जमत नाही. त्यावर सॉक्रेटिसनं उपाय काढला टाचेचा. वळायचंच नाही. मागचा खेळाडू कुठे असेल ते आधीच ओळखायचं आणि टाचेनं चेंडू तिकडे सारायचा. बघणाऱ्याला तो डौल वाटायचा, मुळात ती एक अडचण होती. मामा गांधी मैदानावर तास तास हे करायचा आणि आम्हा पोरांना मागे उभं करून चेंडू आणायला लावायचा. दहातले सात चेंडू भलतीकडेच जायचे. "तू चुकीच्या जागी हुबा ऱ्हायलास," असं मलाच ऐकावं लागायचं.

२१ जून १९८६ ची रात्र मला नीट आठवते. शनिवार होता. ब्राझील विरुद्ध फ्रान्स, उपांत्यपूर्व सामना, मेक्सिकोतलं ग्वादालाहारा. तिथे दुपारचे बारा, आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. शेजारच्यांच्या टीव्हीसमोर पस्तीसएक माणसं बसलेली, त्यात मी बारा वर्षांचा. करेकानं गोल केला तेव्हा अख्खी गल्ली जागी झाली. प्लातिनीनं बरोबरी केली. पुढे झीकोची पेनल्टी फ्रान्सच्या बाट्सनं अडवली. जादा वेळ संपला आणि पेनल्टींची वेळ आली. ब्राझीलची पहिली पेनल्टी घ्यायला सॉक्रेटिस आला. इतर लोक लांबून धावत येतात, हा जेमतेम पाऊलभर मागे. उभ्याउभ्या मारल्यासारखा फटका. बाट्सनं तोही अडवला.

मामा उठला आणि टीव्ही बंद केला. टीव्ही त्याचा नव्हता, आणि चार-चार पेनल्टी अजून बाकी होत्या. जो काही गदारोळ झाला त्यात पुन्हा टीव्ही लागेपर्यंत दोन-तीन जण मारून झाले होते. शेवटी ब्राझील ३-४ हरलं. घरी जाताना मामा एवढंच म्हणाला, "पळत येऊन मारायला काय झालं हुतं रं त्याला?"

त्या स्पर्धेत सॉक्रेटिसनं डोक्याला एक पट्टी बांधलेली असायची. डोकं दुखत असेल, असं मामाचं मत. डॉक्टर माणूस, काहीतरी औषध लावलं असेल. त्या पट्टीवर काय लिहिलं होतं ते मी पंचवीस वर्षांनी वाचलं. पहिल्या सामन्यात लिहिलं होतं की मेक्सिको अजून उभा आहे. सप्टेंबर १९८५ मध्ये तिथे मोठा भूकंप होऊन हजारो माणसं गेली होती, त्यांच्यासाठी ते होतं. पुढच्या सामन्यांत मजकूर बदलत गेला. सगळं जग कॅमेऱ्यातून आपल्या कपाळाकडे बघतंय, तर तिथे काहीतरी कामाचं लिहावं, असा साधा हिशोब.

त्याच्याबद्दलचं बाकी सगळंही मला तो गेल्यावरच कळलं. मामाला तर कधीच नाही.

त्याचा जन्म १९५४ चा, उत्तर ब्राझीलमधल्या बेलेंचा. वडील स्वतःच्या हिमतीवर शिकलेले, पुस्तकांचे वेडे, ग्रीक तत्त्वज्ञांचे विशेष. म्हणून थोरल्याचं नाव सॉक्रेटिस. त्याच्या पाठच्या दोघांची नावंही तशीच, सोस्तेनिस आणि सोफोक्लिस. (धाकटा राई मात्र ग्रीकांच्या तावडीतून सुटला. तो १९९४ च्या विश्वविजेत्या संघात होता.) १९६४ मध्ये ब्राझीलमध्ये लष्करानं सत्ता घेतली. सॉक्रेटिस तेव्हा दहा वर्षांचा. वडिलांनी आपल्या कपाटातलं बोल्शेविकांवरचं एक पुस्तक काढून जाळलं, घरात सापडलं तर पंचाईत म्हणून. ते त्यानं पाहिलं. जो माणूस पोटाला चिमटा काढून पुस्तकं आणतो तोच ती जाळतोय. आपल्या राजकारणाची सुरुवात तिथे झाली, असं तो पुढे सांगायचा.

मग रिबेराओ प्रेतो या गावी वैद्यकीय शिक्षण, आणि शिकता शिकता तिथल्याच बोताफोगो नावाच्या क्लबकडून फुटबॉल. डिग्री झाली तेव्हा १९७७ साल होतं. १९७८ मध्ये तो साओ पावलोच्या कोरिंथियन्स क्लबात आला. १९१० मध्ये कामगारांनी काढलेला क्लब, आणि पाठीराखेही बहुतेक त्याच वर्गातले. आमच्या तालमींचं आणि त्या क्लबाचं गोत्र एकच म्हणायला हरकत नाही.

आता ज्यासाठी त्याचं नाव घ्यायचं ती गोष्ट. १९८१ चा मोसम कोरिंथियन्सला वाईट गेला. क्लबाचे पदाधिकारी बदलले आणि फुटबॉलचा कारभार आदिलसन मोन्तेरो आल्वेस या समाजशास्त्रज्ञाकडे आला. फुटबॉल चालवायचा अनुभव फारसा नव्हता, म्हणून तो खेळाडूंनाच विचारायला लागला. सॉक्रेटिस, व्लादिमिर आणि तरुण कासाग्रांदे यांनी ते उचलून धरलं आणि त्यातून जे उभं राहिलं त्याला 'कोरिंथियन्सची लोकशाही' असं नाव पडलं. सराव किती वाजता, जेवण कधी, नवा खेळाडू कोण घ्यायचा, मुक्कामाला कुठे राहायचं, यावर मतदान. मत सगळ्यांना. कॅप्टनला एक, राखीव गोलकीपरला एक, मालिश करणाऱ्याला एक, कपडे सांभाळणाऱ्यालाही एकच.

तोपर्यंतची पद्धत अशी की सामन्याआधी खेळाडूंना हॉटेलात कोंडून ठेवायचं. लग्न झालेली, पोरंबाळं असलेली माणसं, पण रात्री घरी जाऊ द्यायचं नाही. ही सक्ती त्यांनी मोडीत काढली. प्रशिक्षक कोण हवा यावरही मत घेतलं आणि १९८३ मध्ये काही काळ झे मारिया या आपल्याच जुन्या खेळाडूला त्या जागी बसवलं.

हे सगळं चाललं होतं लष्करी राजवटीत. ज्या देशात राष्ट्राध्यक्ष निवडायचा हक्क लोकांना नव्हता, तिथे एका क्लबातला धोबी मत देत होता. नोव्हेंबर १९८२ मध्ये बऱ्याच वर्षांनी राज्यांच्या गव्हर्नरांची थेट निवडणूक आली, तेव्हा हे लोक पाठीवर '१५ तारखेला मत द्या' असं छापून मैदानात उतरले. कुणाला द्या ते लिहिलं नाही, फक्त द्या. १९८३ च्या अंतिम सामन्याला मैदानात येताना फलक धरला होता. त्याचा मतितार्थ, जिंकू किंवा हरू, पण लोकशाहीनं. १९८२ आणि १९८३ अशी दोन्ही वर्षं साओ पावलोची राज्य स्पर्धा त्यांनी जिंकली.

इथे आमच्यातले काही मित्र लगेच म्हणतील की खेळाडूनं खेळावं, राजकारण कशाला. हा आक्षेप मी पूर्वी गंभीरपणे घ्यायचो. आता विचारावंसं वाटतं की कुठलं राजकारण? मुख्यमंत्र्याबरोबर फोटो काढताना, सरकारी सदनिका घेताना, जाहिरातीत देशप्रेम विकताना हा प्रश्न कुणी विचारत नाही. सत्तेच्या बाजूला उभं राहिलं की तो खेळाडूचा सन्मान आणि समोर उभं राहिलं की ते राजकारण, असा आपला हिशोब आहे.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. ही लोकशाही खरंच तेवढी लोकशाही होती का? १९८३ मध्ये आलेल्या लेआंव या नामवंत गोलकीपरला ती अजिबात पटली नव्हती. मत सगळ्यांना एकच असलं तरी सॉक्रेटिस बोलल्यावर त्याच्या विरुद्ध हात वर करायची हिंमत नवख्या पोराला किती असणार? टीका करणारे तेव्हाही म्हणत की चार-पाच जणच सगळं ठरवतात. त्यात तथ्य असणारच. कुठल्याही सोसायटीच्या मीटिंगला बसलेल्या माणसाला ते कळतं. पण हात वर करायची जागा तर होती. आमच्या तालमीत ती नव्हती. मामा पुढे संघाचा प्रशिक्षक झाला आणि त्याच्याइतका हुकूमशहा मी अजून पाहिलेला नाही. कोण खेळणार ते तो सकाळी दाढी करताना ठरवायचा. विचारलं की थप्पड.

१९८४ मध्ये ब्राझीलमध्ये राष्ट्राध्यक्षाच्या थेट निवडणुकीसाठी मोठी चळवळ उठली. एप्रिलमध्ये साओ पावलोच्या आन्हांगाबाऊ भागात दहा लाखांवर माणसं जमली होती असं सांगतात. इटलीच्या फिओरेंतिनाकडून सॉक्रेटिसला बोलावणं आलेलं होतं. त्यानं त्या गर्दीसमोर सांगितलं की ही घटनादुरुस्ती मंजूर झाली तर मी देश सोडून जाणार नाही. २५ एप्रिलला संसदेत मतदान झालं. ३२० मतं हवी होती, पडली २९८. शंभराहून जास्त खासदार सभागृहात आलेच नाहीत. बावीस मतांनी घटनादुरुस्ती पडली आणि तो इटलीला गेला. तिथे त्याचं मन काही रमलं नाही, एका मोसमात परत आला. लोकांना थेट मत देऊन राष्ट्राध्यक्ष निवडायला १९८९ उजाडलं.

म्हणजे बघा, या माणसाच्या आयुष्यातले मोठे सामने मोजले तर तो बहुतेक हरलेलाच आहे. १९८४ बावीस मतांनी. १९८६ पेनल्टीवर. आणि त्याआधी १९८२. त्या वर्षीचा झीको, फाल्काओ, सेरेझो, एदेर यांचा संघ आणि हा त्यांचा कॅप्टन. वर्ल्ड कप न जिंकलेला सर्वांत सुंदर संघ म्हणून आजही लोक त्याचं नाव घेतात. ५ जुलैला बार्सिलोनात इटलीशी नुसती बरोबरी झाली असती तरी पुढे जायचे. सॉक्रेटिसचा त्या सामन्यातला गोल मी किती वेळा पाहिला असेन. झीकोचा पास, याची लांब ढांग, आणि झॉफ व खांब यांच्यामधल्या फटीतून जमिनीलगत गेलेला चेंडू, रेषेवरचा चुना उडवत. फाल्काओनं २-२ केल्यावर मागे जाऊन बसता आलं असतं. ते बसले नाहीत. रॉसीनं तिसरा गोल केला आणि संपलं.

ब्राझीलकडून ६० सामने आणि २२ गोल, वर्ल्ड कप एकही नाही. करंडक मोजणाऱ्यांच्या यादीत हा माणूस फार वर येणार नाही.

आता दारू.

तो बिअर प्यायचा आणि सिगारेट ओढायचा, खेळत असतानाही, आणि लपवून नाही. कोंडून ठेवायच्या पद्धतीला विरोध करताना त्यात हाही भाग होता, की माझ्या संध्याकाळीचं मी काय करतो ते क्लबानं विचारू नये. तत्त्व म्हणून ते बरोबरच आहे. पण यकृताला तत्त्व कळत नाही. खेळणं संपल्यावर त्यानं डॉक्टरकी केली, मासिकात सदर लिहिलं, राजकारणावर बोलत राहिला, आणि पीत राहिला. ऑगस्ट २०११ मध्ये पोटात रक्तस्राव होऊन तो रुग्णालयात गेला, सप्टेंबरमध्ये पुन्हा. आपल्याला दारूचं व्यसन आहे हे त्यानं तेव्हा जाहीरपणे सांगितलं. डिसेंबरमध्ये पोटातला जंतुसंसर्ग अंगभर पसरला, आणि आधीच खंगलेल्या शरीरानं साथ दिली नाही.

तो रविवार होता. त्याच दिवशी कोरिंथियन्सचा पाल्मेरासशी सामना होता आणि ब्राझीलचं विजेतेपद त्यावर ठरणार होतं. सुरुवातीला खेळाडू मैदानाच्या मध्ये गोल करून उभे राहिले आणि त्यांनी उजवी मूठ वर केली. गोल केल्यावर सॉक्रेटिस करायचा तशी. सामना ०-० सुटला आणि कोरिंथियन्स विजेते झाले. आपण रविवारी मरावं आणि त्या दिवशी कोरिंथियन्स जिंकलेले असावेत, असं तो फार पूर्वी म्हणाला होता असं सांगतात. ही गोष्ट इतकी नेमकी जुळते की तिचाच लोकांना मोह पडला. त्यातून नाव सॉक्रेटिस, म्हणजे विषाचा प्याला आलाच. जगभर मृत्युलेखांत त्याचं लेणं चढवलं गेलं.

माझं म्हणणं इथे आहे. या लेण्याखाली माणूस जातो. कुणी त्याला क्रांतिकारक संत केला आणि दारूचा उल्लेख एका वाक्यात उरकला. कुणी दारूचीच गोष्ट केली, एवढा हुशार डॉक्टर आणि बघा काय झालं, अशी बोधकथा. २०२२ पासून जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या पुरस्काराबरोबरच समाजकार्यासाठी 'सॉक्रेटिस पुरस्कार' देतात, पहिला सेनेगलच्या सादियो मानेला मिळाला. चांगलंच आहे. पण अशा वेळी पडद्यावर येतो तो दाढीवाला, मूठ वर केलेला देव. १९८४ मध्ये हरून विमानात बसलेला आणि २०११ मध्ये रुग्णालयातून बाहेर येऊन खालच्या आवाजात कबुली देणारा माणूस येत नाही.

ज्या माणसानं आयुष्यभर एकच गोष्ट लावून धरली की कॅप्टनचं मत आणि धोब्याचं मत सारखं, त्याला आपण चौथऱ्यावर चढवणं म्हणजे त्याचं म्हणणं खोडून काढणं आहे. देव झाला की त्याच्याशी वाद घालता येत नाही, त्याला चूक म्हणता येत नाही. आणि मग धोब्याला कुठलं मत? तो आपल्यासारखाच चुकणारा, हरणारा, स्वतःच्या सवयीपुढे हात टेकलेला माणूस होता, आणि तरीही त्यानं ते सगळं केलं. हे 'तरीही' काढून टाकलं तर उरलेलं मला फारसं उपयोगाचं वाटत नाही. संतांनी चांगलं वागणं यात आपल्याला शिकण्यासारखं काय आहे?

याचा अर्थ दारूला माफी असा नाही. मी ते घर आतून पाहिलेलं आहे. डॉक्टरला यकृताचं काय होतं ते पुस्तकातून माहीत होतं, मामाला रिपोर्टवरून. दोघांनाही थांबता आलं नाही. रात्री दोन वाजता मामी रिक्षा शोधायला चौकात उभी राहायची. सॉक्रेटिसच्या घरीही कुणीतरी तशी उभी राहिली असणार, तिच्यावर कुणी मृत्युलेख लिहिला नाही. "अल्पशा आजाराने" लिहिताना मी मामाची लाज झाकली असं मला वाटलं होतं. खरं तर मी मामीची सहा वर्षं खोडली होती.

हे सगळं डोक्यात आल्यावर स्मरणिकेची दोन पानं मी एका बैठकीत लिहिली. दारूसकट. आणि पाठवायच्या आधी थांबलो. लोकशाहीवर एवढं वाचून आपण मामासारखं दाढी करता करता ठरवणार काय? मराठीत सोय चांगली आहे, विचारालाही मत म्हणतात आणि मतदानालाही. पहिलं माझ्याकडे होतं, दुसरं घ्यायचं राहिलं होतं.

मग फोन केले. सातजण. मामी, मामेभाऊ, त्याची बायको, मामेबहीण, दोन मावश्या आणि माझी आई. माझं मत धरलं नाही, कारण लिहिणारा मी. (इथे वाचणाऱ्या नातेवाइकांसाठी खुलासा, कुणी काय मत दिलं ते सांगणार नाही. मामीचं सोडून, कारण तिची परवानगी घेतली आहे.)

मामीला पहिल्यांदा लावला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लिही. मी हुते की तिथं, मला काय नवीन हाय? पण आदी त्येंचा खेळ लिही. दारू सगळ्यांनी बघितली, खेळ बघितलेली माणसं आता ऱ्हायली न्हाईत."

बाकीच्यांत वाद झाला. एका मावशीचं म्हणणं, स्मरणिका दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या हातात जाणार, त्यांना हे कशाला. दुसरं एक मत असं पडलं की नेमकी म्हणूनच जायला हवी. एकीनं फोन ठेवून दिला आणि तासाभरानं परत केला. शेवटी चार विरुद्ध तीन. लिहायचं ठरलं. हरलेल्या तिघींनी दोन अटी घातल्या, दारूचा उल्लेख एकदाच यावा आणि पहिल्या पानावर नसावा. दोन्ही मान्य केल्या. माझा मजकूर निम्म्याहून जास्त कापला गेला. आता वाचतो तर तो आधीपेक्षा बरा झालाय, हे कबूल करायला जरा जड जातं.

असो. पहिलं पान नव्यानं लिहून झालंय. ते गांधी मैदानावरच्या टाचेबद्दल आहे, दहातल्या भलतीकडे गेलेल्या सात चेंडूंसकट. स्पर्धा झाली की फोटो टाकीनच. मामेभावाला ते पोस्टर माळ्यावर सापडलंय म्हणे, पार पिवळं पडलेलं. पोरांच्या बक्षिसाच्या टेबलामागे लावायचं की नाही, यावर तिकडे अजून मतदान बाकी आहे.